वरचा सुळा आणि उजवा डोळा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या सराफ बाजारामागे एका कारखान्यात मी सोन्याच्या साखळ्या जोडायला बसायचो. मोहरीएवढ्या कड्या, त्यांचे सांधे. सगळी भाकरी उजव्या डोळ्यावर, कारण डावा लहानपणापासून अधू. त्यातच उजवीकडचा वरचा सुळा ठणकू लागला.

काढून टाकतो म्हटलं, तर शेजारी बसणारे म्हातारे कारागीर, आमचे आबा, फुंकणी खाली ठेवून म्हणाले, "वरला दात काढशी तं डोया चालना जाई, भाऊ." डोळा जाईल या भीतीने आमच्यात वरचा दात कुणीच काढत नसे. तोंडात किडके दात, शहाणपण मात्र उतू जात होतं. मीही त्यातलाच. लवंगतेल लावलं, ओव्याच्या पुरचुंडीने गाल शेकला. एक दिवस ठणका आपोआप थांबला, तेव्हा मारुतीला नारळही फोडला.

पुढे गाल सुजला. सूज चढत डोळ्याखाली आली आणि एका सकाळी उजवा डोळा उघडेचना. दात न काढताच डोळा गेला, असं वाटून मी भिंतीशी बसून ढसाढसा रडलो. बायकोने पिठाच्या हातानेच मला रिक्षात घातलं. आता मी काय करू, एवढंच मी तिला रस्ताभर विचारत होतो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी आधीच बजावलं, दात काढायचा नाही.

"काढणारच नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "ठणका थांबला तो आतली नस मेली म्हणून. पू मुळाच्या टोकाशी साठला आणि वर चढला. मुळातली नळी साफ करून भरू, दात राहील."

रूट कॅनॉल हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. फुंकणीत काजळी अडकली की आम्ही तारेने काढतो, तशा त्यांनी सुळ्यात बारीक सुया फिरवल्या. घाण वास सुटला.

"आणि डोळा?"

"सूज उतरली की बघू."

त्या उत्तराने माझं उरलंसुरलं अवसान गेलं. गोळ्या गिळत घरात पडून राहिलो. कुणी धीर द्यायला आलं तरी त्याच्या अंगावर धावून जायचो.

पुढच्या खेपेपर्यंत सूज ओसरली, पापणी उघडली. पण त्या डोळ्याने नीट काही बघायची माझी हिंमतच होत नव्हती. बाईंनी नळी भरली, हातात आरसा दिला. मी तो बाजूला ठेवला, डावा डोळा तळव्याने झाकला आणि त्यांच्या मनगटावरच्या बांगडीकडे पाहिलं. बारीक नक्षी होती, आणि सांध्यापाशी केसाएवढी चीर.

"बाई, तुमच्या बांगडीचा सांधा सुटत आलाय," एवढंच कसंबसं म्हणालो आणि त्यांच्या खुर्चीत हुंदके देत बसलो.