शुक्रवारची चाचणी

मी आयुष्यात लिहिलेला सर्वांत सुबक अहवाल भिवंडीतल्या एका सायझिंगसाठी लिहिला, आणि तो साफ चुकीचा होता.

सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावून वाफेने तापलेल्या रुळांवर वाळवायचा कारखाना. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. आमच्या कंपनीने तिथे एक छोटा कॉम्प्युटर बसवला होता. छोटा म्हणजे लोखंडी कपाटाएवढा. त्याचा कर्नल, म्हणजे कोणत्या कामाला केव्हा पुढे सोडायचं हे ठरवणारा गाभा, माझ्या हातचा. कामं तीन. सर्वांत मानाचं, रूळ फार तापले की वाफ बंद करण्याचं. त्याखालचं, किती सूत गेलं ते टकटक करत मोजण्याचं. शेवटचं, टेलिप्रिंटरवर आकडे छापण्याचं. तापमानाचा तक्ता मात्र एकच. दोन कामांनी एकदम हात घातला तर घोळ, म्हणून मी तक्त्याला कुलूप ठेवलं होतं. ज्याच्या हाती कुलूप, त्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

अशा यंत्राचं उत्तर नुसतं बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं. वाफ उशिरा बंद झाली की सूत जळतं.

चाचणी मी शुक्रवारी घ्यायचो. शुक्रवारी भिवंडीतले कारखाने बंद. एरवी चालत्या गाडीला, म्हणजे सायझिंगच्या यंत्राला, हात लावायचा नाही, अशी शेठची ताकीद. थंड रूळ तापवणार कशाने? मग मी वाफ बंद करायची मर्यादा खाली आणून तापमानाची कांडी नाक्यावरून मागवलेल्या चहाच्या किटलीत बुडवायचो आणि स्टॉपवॉच दाबायचो. चार शुक्रवार हेच केलं. दर वेळी पापणी लवायच्या आत व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्या किटलीतला चहा मी प्यायचो आणि अहवालात ‘समाधानकारक’ लिहायचो.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी सूत जळालं. अख्ख्या बीमचे, म्हणजे सूत गुंडाळलेल्या मोठ्या रिळाचे, धागे पिवळे पडून काडीसारखे तुटायला लागले. शेठने मला विचारलं, तुमचं यंत्र चुकलं असेल का? मी म्हणालो, “शक्यच नाही.” एवढंच म्हणून थांबलो असतो तरी बरं, पण वर अहवालही उघडून दाखवला. मग दोष उरला वाफेच्या हातनळाचा, म्हणजे तो फिरवणाऱ्या गाडीच्या मास्तरांचा. जवळच्या शेलार गावचा माणूस, वीस वर्षं त्याच गाडीवर. सगळ्या शिफ्टसमोर शेठने त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी अहवाल मिटत होतो.

दोन दिवस जेवण गोड लागेना. शेवटी सायकल काढली आणि शेलार गाठलं. मास्तर अंगणात बसले होते. मला पाहून त्यांनी खाट सरकवली, पण बस म्हणाले नाहीत. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?

“पाह्यला न्हाय, आयकला,” ते म्हणाले. “तुजा तो टायपिंगवाला अर्ध्या वळीत थांबला. मोजणारा मातर टकटक चालूच. मी म्हनलो, हा गप कसा झाला? तवर वास आला.”

मी तिथेच उकिडवा बसलो. छापणाऱ्याने कुलूप घेतलं होतं. तेवढ्यात त्याच्यापेक्षा मोठं असलेलं मोजणारं काम त्याला बाजूला सारून घुसलं, आणि गाडी पळत असल्याने थांबेचना. छापणाऱ्याची पाळी येईना, कुलूप सुटेना, आणि सर्वांत मानाचं काम त्या कुलपापुढे ताटकळत उभं. शुक्रवारी गाडीच बंद, मोजायला सूतच नव्हतं. मी कर्नल तपासलाच नव्हता, फक्त चहा तपासला होता.

मी म्हणालो, मास्तर, चूक माझी. शेठला सांगतो.

“शेटला सांगून काय? मना सगल्यांसमोर काढला. तू सगल्यांसमोर सांग. तवाच मी येईन.”

शनिवारी शिफ्ट बदलताना मी खोक्यावर उभा राहिलो. समोर निम्मे शेलार-राहनाळचे, निम्मे उत्तरेकडचे; बाजूला शेठ, आणि दाराशी मास्तर. कुलूप, तक्ता, पाळी, कुणाला काही कळेना. तेव्हा म्हणालो, समजा, आपल्याकडे पाना एकच. तो झाडूवाल्याकडे आहे. मास्तरांना तोच पाना हवाय. पण बीम वाहणारे झाडूवाल्याला वाटेतून हटवतात, त्याचं काम उरकतच नाही, मास्तर उभेच. इथे मास्तरांची काहीही चूक नव्हती. पाना असा अडकेल हे मला सुचलं नाही, आणि वर मी शक्यच नाही म्हणालो.

शेठ खाली बघत होते. मागून बीम वाहणारा एक जण म्हणाला, “तो साहब, जब तक पाना उसके हाथ में है, उसी को मास्टर समझो ना. हम रास्ता दे देंगे.”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण पुढच्या आठवड्यात मी कर्नलमध्ये अक्षरशः तेच लिहिलं: मोठं काम वाट बघत असेल, तर कुलूपवाल्याला तेवढ्यापुरता मोठ्याचा मान. सहा महिने डोकं खपवूनही मला ते दिसलं नव्हतं.

शेठ मास्तरांना म्हणाले, चला, ड्युटीवर लागा. मास्तर जागचे हलले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

“आता चाचनी कदी?”

“गाडी चालू असताना,” मी म्हणालो. “आधी हाच घोळ पुन्हा घडवून बघायचा, हातनळाशी तुम्ही. तुम्ही सांगाल त्या वारी.”

“आजच,” म्हणत त्यांनी शर्ट काढून गाडीशेजारच्या आपल्या खुंटीला अडकवला.