भरल्या पोटाची रोहू

अंड्यावर आलेली मासोळी आमच्या घरात कापत नसत. उंद्रीच्या अलीकडच्या लहानशा तलावावर बाबांनी जन्मभर जाळं टाकलं, पण अक्षय्य तृतीया झाली की त्यांचा वेगळाच कारभार सुरू व्हायचा. जाळ्यात रोहू आली की तिच्या पोटावरून शेपटीकडे हलकेच अंगठा फिरवायचा. दुधासारखं पांढरं आलं तर तो नर, तो टोपलीत. पोट फुगलेलं आणि मऊ लागलं तर मादी. तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडत बाबा म्हणायचे, "जाय बाई, बाळंत होऊन ये."

रोहूला पहिली अंडी धरायला दोन वर्षं लागतात. धरली तरी साचल्या पाण्यात ती टाकत नाही. नाला वाहायला लागला की त्या पाण्यात उलटी चढते आणि तिथे मोकळी होते. बाबांना हे त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. खोटं असतं तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

त्या वर्षी मृग कोरडा गेला, मागोमाग आषाढही. तलाव आटत आटत बांधाच्या पाळीखालच्या डोहापुरता उरला. मी बुलढाण्याला नोकरीला; रविवारी घरी यायची आणि पाळीवर बाबांशेजारी बसायची. डोहातल्या माद्या इतक्या जड झाल्या होत्या की पोहताना कलायच्या.

"बाबा, विकून टाका आता," मी म्हटलं. "पानी राह्यलं कुठं?"

"भरल्या पोटाची विकू? येड लागलं काय तुले?"

"अन् नाला आलाच नाई तं?"

"येईन ना. नाई तं त्याईच्या पोटात अंडे काऊन आले असते? त्याईले समजते."

अंडी उन्हाच्या तापानं पिकतात, आभाळाचं त्यांना काही ठाऊक नसतं, हे आज मी सहज लिहिते आहे. तेव्हा मलाही वाटलं, कोण जाणे, समजतही असेल. गावातली माणसं जाळी घेऊन आली, तर बाबा काठी घेऊन आडवे उभे राहिले. चालताना दम लागणारा माणूस. "म्हातारा मासोळीच्या बाळंतपणाले बसला बे," म्हणून पोरं खिदळली आणि निघून गेली. मासोळी नेली असती तर बरं झालं असतं. कोणाच्या तरी ताटात पडली असती.

मग एका दुपारी मायचा फोन आला. "बाई, ये. तुह्या बापाले घरी ने."

डोहात पाणी नव्हतंच, चिखल होता, आणि त्यात सगळी पांढरी पोटं वर. बाबा गुडघाभर गाळात उभे राहून एकेक मेलेली मासोळी उचलत होते आणि सवयीनं पोटावरून अंगठा फिरवत होते. मी हाक मारली, तरी वर पाहिलं नाही. मग त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि जन्मात पहिल्यांदा एका मादीचं पोट फाडलं.

आत दाणेदार पिवळी अंडी नव्हती. लालसर, पातळ लगदा होता. तो तळहातावर घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरला. "हे काय हाय वं?"

मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे चौकशी केल्यावर कळलं, वाहतं पाणी मिळालं नाही की मादी आपली अंडी आतल्या आतच जिरवते. म्हणजे बाबा जिची राखण करत बसले होते, ती पिढी तलाव आटण्याआधीच संपत आली होती. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगून काय करू?

पोळा झाल्यावर पाऊस आला. नाला दुथडी वाहिला, तलाव पाळीपर्यंत भरला, गाव खूश झालं. बाबा नाल्याच्या तोंडाशी दिवसभर पाण्यात पाय सोडून बसले. एकही रोहू वर चढली नाही.

संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले. म्हटलं, "बाबा, नवं बी सोडू. बोटाएवढी पिल्लं भेटतात, मी घेऊन येईन."

"आन," ते म्हणाले. "दोन वर्स लागतीन त्याईले अंड्यावर याले." पाण्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "तवा मी नसन. अंगठा कसा फिरवाचा, ते पाहून ठेव."

पण दाखवायला हातात मासोळी नव्हती.