शेळी, उंदीरविरोधी, एक नग

माझी थोरली बहीण, आक्का, पाथर्डीकडे दिलेली. दरसाल ऊसतोडीला जायची. दोन मोळ्या वाहिल्या की पाय लटपटायचे आणि ती फडातच बसकण मारायची. सासू म्हणायची आळशी, मुकादम म्हणायचा कामचुकार. शेवटी मोठ्या दवाखान्यात तिच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा काढला. डॉक्टरांचा संशय पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियावर होता. आपण घेतलेला श्वास तिथे ताकदीच्या कामी लागतो, आणि हे काम करणारी प्रथिनं साखळीने बसलेली असतात. त्यातलं एखादं गायब असेल तर धडधाकट दिसणारं माणूसही बसतंच. आक्काचं कोणतं गायब आहे, ते नगरच्या कॉलेजातल्या आमच्या लॅबमध्ये मी शोधणार होते.

त्याला दोन अँटीबॉडी लागतात. पहिली उंदरापासून केलेली. ती नेमकी ती प्रथिनं पकडते. दुसरी शेळीपासून केलेली. ती त्या पहिलीला पकडते, तेव्हा कुठे त्या प्रथिनाची पट्टी डोळ्यांना दिसते. पहिली होती. दुसरीचा अर्ज मी रीतसर भरला. आमच्या ऑफिसला मराठीचा भारी अभिमान. तिथल्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी 'गोट अँटी-माउस' या इंग्रजी नावाचं भाषांतर करून फाइलवर लिहिलं, 'शेळी, उंदीरविरोधी, एक नग.'

झालं! फाइल शेरे घेऊन परत आली. शेळी बांधणार कुठे, चारा कोण घालणार, आणि उंदरांचाच बंदोबस्त करायचा तर मांजर का नको? मी घसा कोरडा करून सांगितलं की येणार आहे ती बोटाएवढी बाटली. भाऊसाहेबांना ते पटलंसुद्धा. पण एकदा शेळी फाइलवर चढली की जनावरांच्या डॉक्टरच्या दाखल्याशिवाय उतरत नाही म्हणे. मी चरफडत स्कूटर काढली आणि सावेडीतल्या एका जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते पोट धरून हसले आणि लिहून दिलं, 'सदर शेळी पाहणीत आढळून आली नाही. सबब चाऱ्याची आवश्यकता नाही.' भाऊसाहेबांनी दाखला दोनदा वाचला, खूश झाले आणि फाइल पुढे सरकवली. आता असल्या माणसांपुढे काय कपाळ फोडायचं?

बाटली आली. निरोगी माणसाच्या नमुन्यात पाच पट्ट्या ठसठशीत उमटल्या. शेजारी आक्काच्या नमुन्यात चारच. पाचवी असून नसल्यासारखी. मी सगळं पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. डॉक्टरांनी बाकीचे रिपोर्ट जुळवून आजाराचं नाव सांगितलं. औषधाने पूर्ण बरं होणारं नव्हतं ते.

पट्ट्यांचा फोटो घेऊन मी तडक पाथर्डीला गेले. तू आळशी नव्हतीस, हे बघ, म्हणून तिच्यापुढे धरला. तिने पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"सासू गेली, मुकादमबी गेला," ती म्हणाली. "म्हननारी आता तू येकलीच ऱ्हायली."

लहानपणी मी तिला 'आळशे' अशीच हाक मारायचे. घरात सगळे हसायचे. तीही हसायची.