‘संभाव्य कारण’ कोण भरत होतं?

इथे पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात उताऱ्याचं लिंबूसुद्धा सरबतात गेलं असतं. तेव्हा कमेंटमध्ये मला मांत्रिकांचे पत्ते देऊ नका.

भंडाऱ्यात आमचं ऑफिस आहे, राइस मिलच्या मशीन दुरुस्त करून देणारं. जिल्हाभरातल्या मिलवाल्यांचे फोन यायचे. मी आणि वंदना, आम्ही दोघी तक्रारीचं तिकीट बनवायचो, मग फिटर निघायचा. त्या तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या कामाचे वेगळे रकाने, म्हणजे कस्टम फील्ड, मीच जोडले होते. तिकीट ‘नवीन’वरून ‘फिटरकडे’ सरकवलं की गावावरून तालुका, मशीनच्या नंबरवरून मॉडेल आणि वॉरंटी आपोआप भरली जायची. हे नियम माझ्या लॉगिनवर चालायचे, म्हणून तिकिटाच्या हिस्ट्रीत माझं नाव दिसायचं. एकच रकाना मी मोकळा सोडला होता — ‘संभाव्य कारण’. तो फिटरने मशीन बघून हाताने भरायचा.

वंदना कोंढा गावची, माझी कॉलेजातली मैत्रीण. तिला या नोकरीत मीच आणलं. आणि सहा महिन्यांत साहेबांच्या तोंडी उठता-बसता तिचंच नाव... वंदना किती नीट बोलते, मिलवाले वंदनालाच फोन द्या म्हणतात. त्यात कळलं, आमच्यापैकी एकीलाच कायम करणार. खरं सांगते, माझ्या पोटात दुखायला लागलं. तिने डब्यातली भाजी पुढे केली तरी मला राग यायचा.

त्याच आठवड्यात एकोडीच्या एका मिलमधून तिला फोन आला — पॉलिशर फार थरथरतोय. तिने तिकीट सरकवलं. तालुका भरला, मॉडेल भरलं... आणि ‘संभाव्य कारण’सुद्धा भरलं. ‘डावीकडचा पाया खचला. खाली उंदरांची बिळं.’ आमचे फिटर गजूभाऊ हसले, पण जाताना सिमेंट घेऊन गेले. खोदलं तर खरंच बिळं निघाली.

मग हे रोजचंच झालं. फक्त वंदनाच्या तिकिटांवर! माझी कोरीच. तांदळात कणी जास्त पडते, अशी तक्रार आली तर कारण — ‘मशीनचे रोल ठीक. धान जास्त वाळलं.’ एकदाही चूक नाही. गजूभाऊंची दुसरी फेरी वाचायला लागली, साहेब खूश, आणि मी आतल्या आत जळत होते.

मला वाटलं, ही काहीतरी चलाखी करतेय. पुरावा मिळावा म्हणून हिस्ट्री उघडली. प्रत्येक नोंदीसमोर माझं नाव. नियम तपासले, तर त्या रकान्यासाठी नियमच नव्हता. पासवर्ड बदलला. सगळं ऑटोमेशन बंद केलं — तालुका, मॉडेल भरणं थांबलं, कारण मात्र येतच राहिलं. एक नोंद तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतली होती, तेव्हा मी वंदनासमोर बसून वरणभात खात होते. सॉफ्टवेअरवाल्यांना नागपूरला फोन केला. त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, मॅडम, हे तुम्हीच टाइप केलंय.

शेवटी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. स्क्रीनवर माझं नाव दाखवून मला विचारलं, हे तू भरतेस का? वंदना शेजारीच उभी होती. नुसतं नाही म्हणायचं होतं.

“हो सर, मीच,” मी म्हटलं.

महिन्याभरात मी कायम झाले आणि वंदनाच्या कराराची मुदत संपली. शेवटच्या दिवशी ती टेबल आवरत होती. आता ही भांडणार, अशी मनाची तयारी करून मी बसले होते.

“मले तं पहिल्या दिवसापासूनच मालूम होतं,” ती म्हणाली. “हिस्ट्रीत तुह्यंच नाव दिसे ना. मी घरी मायले सांगितलं, माही मैत्रीण मले गुपचूप मदत करून राहिली. तू काही बोलली नाही, म्हणून मीबी काही म्हटलं नाही.”

आणि तिने मला मिठी मारली. खरं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

त्या दिवसानंतर तो रकाना एकदाही आपोआप भरलेला नाही. मी ऑटोमेशन परत चालू केलं, वंदनाची जुनी तिकिटं काढून पुन्हा सरकवून बघितली... काही नाही. कोण भरत होतं, कसं भरत होतं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा.

वंदना आता पवनीला एका दवाखान्यात कामाला आहे. दर सणाला न चुकता फोन करते, माझे उपकार मानते. माझा हेवा काही गेलेला नाही, पण आता तो वंदनाचा वाटत नाही. माझ्या नावाने जी कोणी तिच्यासाठी तो रकाना भरत होती, तिचा वाटतो. वंदनाचे फोन तिच्यासाठी येतात, आणि उचलते मी.