पेडण्याहून येताना डावीकडची जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा. माझा जन्म गेला मोटारी दुरुस्त करण्यात, आणि मोटार बंद पडली तर तिला कारण असतं हे मी शपथेवर सांगेन. प्लग, पेट्रोल, नाहीतर चालवणाऱ्याचा मूर्खपणा... चौथं कारण मला ठाऊक नव्हतं. या सदरात लोक जे लिहितात ते वाचून मी आजवर हसत आलोय. आता हसायला दातही उरले नाहीत, म्हणून एकदाचं जसं घडलं तसं लिहून टाकतो. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढच्या एका वर्षाची. आम्ही रत्नागिरीचे. वडील वकील, थोडी हापूसची कलमं, आणि मी त्यांचा शिकून वाया गेलेला मुलगा. बदलून जाणाऱ्या एका साहेबाकडून मी जुनी मोटार घेतली होती – कापडी टपाची, हँडल मारून चालू होणारी. मनात येईल तिथे बसायची, म्हणून घरचे तिला म्हैस म्हणत. पण मला तिचा आवाजन् आवाज कळायचा. मागे किती माणसं बसलीत हे मी वळून न बघता सांगत असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझी धाकटी बहीण कुसुम गोव्यात दिलेली, पेडण्याला. तेव्हा गोवा म्हणजे फिरंग्यांचा मुलूख, परदेशच. बांद्याच्या पुढे त्यांचं नाकं, त्यांचा शिपाई, त्यांची नाणी. कुसुमला दिली होती दुसरेपणावर. मेव्हण्याची पहिली बायको, द्वारका तिचं नाव, पहिल्याच खेपेला मूल पोटात असताना गेली होती. रिवाजाप्रमाणे कुसुमच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक होता – सवतीचा. मेलेल्या सवतीचा मान ठेवला की ती संसारात येत नाही म्हणतात. मी त्यावरून कुसुमला चिडवायचो.

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर आपल्याकडे ठरलेलंच. बोटीनं आणावं तर पणजीहून येणारी बोट रत्नागिरीला भर समुद्रात उभी राहायची आणि तिथून हलत्या शिडीनं पडावात उतरायचं. आठव्या महिन्यातल्या बाईला ते कसं जमावं? म्हणून म्हैस निघाली. बरोबर आत्या होती – विधवा, जिभेनं तिखट, पण माणूस लाखातलं.

जाताना काहीसुद्धा झालं नाही. पंक्चरं सोडली तर.

निघायच्या सकाळी पेडण्याच्या घरी कुसुमच्या सासूबाई ओटी भरत होत्या. मी हँडल मारून मारून घामाघूम. इंजिन एकदाचं धरलं, ते परत सुटायच्या आत निघायला हवं होतं. मी अंगणातून थट्टेनं ओरडलो, "चला, ज्यांना ज्यांना माहेरी जायचंय त्यांनी बसून घ्या! म्हैस कुणासाठी थांबायची नाही."

सासूबाईंचा हात ओटीतल्या तांदळांवरच थांबला. "असं मोघम बोलावू नये हो," त्या म्हणाल्या. "न्यायला आलात तिचं नाव घेऊन बोलवावं."

"बरं, कुसुमबाई, या," मी म्हटलं आणि हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, मोटारीकडे बघत होत्या.

पुढे माझ्या शेजारी ट्रंका. मागे उजवीकडे आत्या, मध्ये कुसुम. डावीकडची जागा रिकामी. मी म्हटलं, "अगं, ऐसपैस बस की. एवढं पोट घेऊन मध्ये काय अवघडतेस?" तर म्हणाली, "नको. इथेच बरं वाटतंय." चेहरा मात्र बरं वाटतंय असा नव्हता.

नाक्यावर शिपायानं आत डोकावून बघितलं आणि आतल्या साहेबाला कोकणीत ओरडून सांगितलं, "एक दादलो, तीन बायलो!"

"दोन," मी म्हटलं.

त्यानं परत बघितलं, खांदे उडवले आणि दांडा वर केला. दोन आणि तीन यातला फरक ज्याला कळत नाही त्याला नोकरीवर ठेवतात कसे, असं मी पुढे मैलभर बडबडत होतो. पण बडबडताना एक गोष्ट मला खुपत होती. गाडी डावीकडे ओढत होती.

सावंतवाडीच्या अलीकडे मी थांबून बघितलं. डावीकडचा मागचा कमानपाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, बसला होता. म्हणजे तुटला नव्हता – वर माणूस बसल्यावर बसतो तसा दबलेला. चाक काढून, खाली झोपून बघितलं. काही दोष नाही. भर उन्हात, आंब्याच्या झाडाखाली, मला पहिल्यांदा पाठीवरून पाणी सोडल्यासारखं वाटलं.

तोवर आत्यानं जेवणाची तयारी केली होती. प्रवासात तिला चालाव्यात म्हणून दुधात भिजवलेल्या दशम्या आणि लसणीशिवायची चटणी. मी हात धुऊन आलो तर तिनं चार पानं मांडलेली.

"आत्या, चौथं कुणाला?"

आत्या पानांकडे बघत राहिली. माझी आत्या पन्नास माणसांची पंगत बसवायची आणि एक पान इकडचं तिकडे व्हायचं नाही. ती हळूच म्हणाली, "असू दे. मांडलंय तर उचलू नये." आणि त्या पानावर दशमी वाढली.

आम्ही जेवलो. वर झाडावर कावळ्यांची शाळा भरली होती. आम्ही उठून लांब झालो तरी त्या दशमीला एकही कावळा शिवला नाही. कावळा का शिवत नाही ते तुम्हाला सांगायला नको. आत्यानं पदर तोंडावर धरला आणि मला गाडीच्या पलीकडे नेलं.

"तुला सांगणार नव्हते. काल शेजारीण बोलली. ती द्वारका... तिलाही माहेरी न्यायचं ठरलं होतं. भाऊ मुंबईला गिरणीत, म्हणून आई म्हणाली, मी बैलगाडी धाडते. गाडी आलीच नाही रे. पाऊस लागला, खाडीवरच्या होड्या बंद झाल्या. पोर रोज गाठोडं बांधून ओटीवर बसायची. गाठोडं उशाशी घेऊनच गेली म्हणतात."

"मग? आपला काय संबंध?"

"तू काय बोलून बोलावलंस ते आठव मेल्या."

मी तिला वेड्यात काढलं. खरं सांगतो, तिला वेड्यात काढल्याशिवाय मला गाडीत बसता आलं नसतं.

रात्री कणकवलीला ओळखीच्यांकडे उतरलो आणि सकाळी निघालो. पुढे खाडीवर पूल नव्हता. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकलेल्या, त्यावर मोटार चढवायची. माणसांनी आधी उतरायचं. आत्या उतरली, मी कुसुमला हात देऊन उतरवलं आणि काठावर बसवलं. होडीवाला धिप्पाड, पिकल्या मिशांचा, मालवणकडचा माणूस. तो मोटारीजवळ गेला आणि तिथूनच मागे फिरला.

"दोन गुरवार बायका एका होडीत मी घेवचंय नाय," तो म्हणाला. गुरवार म्हणजे गरोदर. "आमच्यात चालना नाय. एकीक आता नेतंय, दुसरीक मागसून."

"दुसरी कोण?"

"ती काय गाडीत बसली आसा." त्यानं बोट दाखवलं. "तिका उतरवा आधी. ऊन काय ता."

मी वळून बघितलं. देवाशपथ सांगतो, मला कुणी दिसलं नाही. पण डावीकडची गादी दबलेली होती. दुपार व्हायला आलेली, पाण्यावर लख्ख ऊन, पलीकडच्या काठावर बायका कपडे धूत होत्या, आणि माझ्या मोटारीतली गादी मधोमध खळगा पडून दबलेली होती. मी बघत असताना ती थोडी हलली. अवघडून बसलेली बाई कूस बदलते ना... तशी.

होडीवाल्यानंही परत बघितलं. त्याचं बोट खाली आलं. त्यानं वाकून खाडीचं पाणी कपाळाला लावलं आणि फळ्या सरळ करायला लागला. आत्यानं त्याला हात जोडले, म्हणून त्यानं नेलं. नाहीतर नेलं नसतं.

मधोमध पाण्यात कुसुमच्या पोटात पहिली कळ आली.

आठवा महिना. रत्नागिरी अजून कितीतरी लांब. वाटेत डॉक्टर नाही, सुईण कुठे मिळेल ठाऊक नाही. कुसुमनं एका हातानं आत्याचा हात धरला होता आणि दुसऱ्या मुठीत गळ्यातला टाक. "दादा, मी मरणार का रे?" तिनं विचारलं. मी तिला दटावलं, असलं बोलायचं नाही म्हटलं. आणि मनात मीही तेच विचारत होतो. एका बाईला याच दिवसांत, असंच, माहेरच्या वाटेवर डोळे लावून मरण आलं होतं, आणि ती आता माझ्या पाठीमागे बसली होती. ती कुसुमला सोबत करत होती की बरोबर न्यायला बघत होती? घाबरलो. लाज कसली त्यात.

राजापूर मागे पडलं. घाटात म्हैस पहिल्या गिअरमध्येसुद्धा दमत होती. पाणी उकळून वाफ. कळा येत होत्या, जात होत्या. मग लांज्याच्या अलीकडे कुसुम एकदम शांत झाली. मी मान वळवली. ती डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होती आणि मान डोलवत होती – कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी.

"दादा, इथे थांबव," ती म्हणाली.

"इथे काय आहे? पुढे..."

पण मला थांबवावं लागलंच नाही. इंजिन आपणहून बंद पडलं. ना खोकलं, ना धडधडलं. दिवा मालवावा तसं. रस्त्याकडेला चिऱ्यांचा गडगा, त्यात एक बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, आत चार झाडं आणि कौलारू घर. वाडीचं नाव मी लिहीत नाही, त्या घरचे लोक अजून तिथे असतील.

मी हँडल घेऊन खाली उतरतो तो आतून एक म्हातारी आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. माहेरवाशीण दारात आली की ओवाळून टाकायला आणतात, तसा. आम्ही हाक मारली नव्हती. भोंगा वाजवला नव्हता. ती माझ्याकडे, आत्याकडे, कळांनी पांढऱ्या पडलेल्या कुसुमकडे बघितल्याशिवाय सरळ डाव्या बाजूला गेली आणि त्या रिकाम्या जागेवरून भाकरतुकडा ओवाळला.

"आलीस गो बाय," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावलीस."

तुकडा लांब फेकला. पाणी पायरीवर ओतलं. आणि हात पुढे केला, बाईला उतरायला आधार द्यावा तसा.

कमानपाटा वर आला. करकर आवाज करत, हळूहळू, माझ्या डोळ्यांदेखत. मी चाकापाशीच उभा होतो.

म्हातारी हात तसाच धरून दोन पावलं चालली, मग वळून मला म्हणाली, "पेडण्याहूनच आलात ना?"

मी मान हलवली.

"बरं झालं आणलीत. आता बाळंतपण होईतो राहील माझ्याकडे. मग न्यायला या हो."

बेडं लावून ती आत गेली. हळू चालत होती, शेजारच्या माणसाला जपून चालवावं तशी. मी हँडल मारलं आणि पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. म्हैस माझ्याकडे आल्यापासून पहिल्या झटक्यात ती कधी लागली नव्हती. कुसुमच्या कळा थांबल्या होत्या. दिवेलागणीला आम्ही घरी पोचलो.

पुढच्या महिन्यात कुसुम सुखरूप बाळंत झाली. मुलगी. ती मुलगी आता स्वतः आजी आहे. त्या दिवशी गाडीत तू कुणाशी बोलत होतीस, हे मी कुसुमला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "बोलत नव्हते, ऐकत होते. तिला माझ्याइतकीच भीती वाटत होती, दादा."

परत सासरी पोचवायची वेळ आली तेव्हा मी तिला आणि बाळाला बोटीनं नेलं. शिडी, पडाव, सगळं सोसून. गाडी बिघडली असं घरी सांगितलं.

पण दिवाळीनंतर राजापूरला जाणं भागच पडलं. एकटा होतो. ती वाडी जवळ आली. लख्ख दुपार होती. घराचं दार उघडं, अंगणात कुणी नाही. आणि बेड्याशेजारी गडग्यावर एक गाठोडं ठेवलेलं. जुन्या लुगड्याचं, घट्ट गाठ मारलेलं. शेजारी त्याहून लहान, दुसरं – तान्ह्या मुलाच्या दुपट्यात बांधलेलं.

इंजिन खोकायला लागलं. मी जीव खाऊन अॅक्सिलरेटर दाबला, नाव घेता येईल तेवढ्या देवांची नावं घेतली आणि थेट राजापूर येईपर्यंत मागे बघितलं नाही. परतताना फार लांबच्या वाटेनं आलो. त्याच वर्षी म्हैस विकून टाकली.

गाठोडी कुणाचीही असतील. म्हातारीची सून माहेरी निघाली असेल. गादी उन्हानं दबली असेल, शिपाई प्यायलेला असेल, आत्या दमली असेल. सगळ्यांची कारणं मी देऊन बघितलीत. पण पाटा ओझं उतरल्याशिवाय वर येत नाही, आणि त्या क्षणी माझ्या गाडीच्या मागच्या जागेवरून कुणीच उतरलं नव्हतं. न्यायला या, असं म्हातारी मला सांगून गेली होती, आणि मी गेलो नाही.