शनिवार, दुपारी चार, वाचनकक्ष

सोलापूर शहरात ठरल्या वेळेला सुरू होणारी गोष्ट मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या लॉ कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमचा शनिवारचा कार्यक्रम. बाकी या गावात लग्नाचे मुहूर्त टळतात, साक्षीदार दुपारनंतर उगवतात, आणि नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी, तेही त्याच्या मर्जीने येतं. पण शनिवारी चार वाजले की मॅडम वाचनकक्षातल्या मोठ्या टेबलामागे उभ्या राहायच्या, पदर सारखा करायच्या, घसा साफ करायच्या आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून "उपस्थित मान्यवर" असं म्हणून सुरुवात करायच्या. त्या मान्यवरांत बहुतेक वेळा मी एकटा असायचो.

मी तिथे कसा, हे आधी सांगायला हवं. मी सकाळी कोर्टात वकिली करतो आणि दुपारी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. या दोन्ही कामांत बोलून बोलून माणूस इतका शिणतो की, संध्याकाळपर्यंत कुणी आपल्याला काही विचारू नये, एवढीच इच्छा शिल्लक राहते. ग्रंथालयात मी ज्ञानासाठी जात नसे. तिथे एक कूलर होता, कूलरसमोर पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची होती, आणि विद्यार्थी सहसा फिरकत नसत. सोलापूरच्या एप्रिलमध्ये याहून जास्त कुणी काय मागावं! शनिवारी त्या खुर्चीत बसायचं तर मॅडमचा कार्यक्रम ऐकावा लागे, तेवढं भाडं मी मुकाट्याने भरत असे.

मॅडम शहराच्या पूर्व भागातल्या, विणकराच्या घरातल्या. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि संगणक किंवा प्रिंटर अडून बसला तर त्याच्याशी पुन्हा तेलुगू. का, म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "रागवायचं ते घरच्या भाषेत रागवावं की. मराठीत रागवलं तर सगळ्या स्टाफला कळतं." अंगाने एवढ्याशा, पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा, की त्या जिना चढायला लागल्या की वरच्या मजल्यावरची कुजबुज बंद व्हायची.

ग्रंथालयाच्या दाराबाहेर एक हिरवा फळा होता. त्यावर त्यांनी तीन रकाने कायमचे रंगवून घेतले होते: बातम्या, नवी पुस्तके, कार्यक्रम. दुसऱ्या कॉलेजांत अशा फळ्यावर वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवतात. मॅडमना ते पटत नसे. "पेपरात आलेलं सगळ्यांना कळतंच की, त्याला बातमी कशाला म्हणायचं?" असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मते ग्रंथालयात घडेल तीच बातमी. त्यामुळे दुपारी कोर्टातून दमून यावं तर फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसायचं: 'कंपनी कायद्याचे हरवलेले पुस्तक कॅन्टीनच्या फ्रीजवर सापडले. प्रकृती ठीक.' किंवा, 'खिडकीजवळच्या पंख्याचा आवाज अखेर बंद झाला. पंखाही बंद झाला आहे.' एकदा प्राचार्यांनी करारांवरचं एक पुस्तक दोन वर्षांनी परत केलं, तेव्हा 'एक ज्येष्ठ वाचक परतले' अशी बातमी झळकली, आणि प्राचार्य आठवडाभर दुसऱ्या जिन्याने ये-जा करत राहिले.

नवी पुस्तकं आली की पार्सल फोडण्याचा विधी असे, आणि त्याला पंच लागत. हा शब्द मी गमतीने वापरत नाही. पोलीस जप्ती करताना दोन माणसं उभी करून पंचनामा करतात, तसा पुस्तकांच्या पार्सलचा पंचनामा व्हायचा. एक पंच मी आणि दुसरे आमचे शिपाईमामा, मंगळवेढ्याकडचे, माझ्याइतकेच कंटाळलेले. सुतळी कापण्यापूर्वी मॅडम आम्हाला खोक्याच्या चारही बाजू दाखवायच्या. मग एकेक पुस्तक बाहेर काढून, शीर्षक मोठ्याने वाचून, मधलं पान उघडून त्याचा वास घ्यायच्या आणि आमच्या नाकापुढे धरायच्या. "मॅडम, ह्येला रॉकेलचा वास येतोय की," असं मामा दरवेळी म्हणायचे, आणि दरवेळी मॅडम "शाईचा आहे तो, मामा" असं शांतपणे सांगायच्या. नंतर त्या पुस्तकांना आठवडाभर खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं जाई. कपाटात लगेच कोंबायचं नाही. नव्या माणसाला आधी चार लोकांत बसू द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चार लोक मात्र कधी आले नाहीत.

फौजदारी कायदे बदलले त्या वर्षी तर ग्रंथालयात मोठा पेच झाला. नव्या कायद्यांची जाडजूड पुस्तकं आली आणि जुन्यांना जागा उरेना. ऑफिसचं म्हणणं, जुनी रद्दीत द्या. मॅडमनी ऐकलं नाही. जुन्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्याच कायद्याने चालू आहेत, हे ऑफिसलाही ठाऊक होतं. प्रश्न फक्त कपाटांचा होता. शेवटी मॅडमनी आपली जेवणाची खोली रिकामी केली आणि तिथे जुनी पुस्तकं नीट लावली. "सून आली म्हणून सासूला कुणी घराबाहेर काढतं का? खोली बदलायची फक्त," असं म्हणत त्या पुढची दोन वर्षं जिन्यात बसून डबा खात राहिल्या.

पण त्यांचा जीव खरा अडकलेला असे तो शनिवारच्या कार्यक्रमात. एखादं नवं पुस्तक निवडायचं, आठवडाभर ते वाचायचं, आणि वीस मिनिटांत त्याची ओळख करून द्यायची, एवढाच तो कार्यक्रम. लोक न येण्याची कारणं ठरलेली असत. "आज आमच्याकडं पाणी आहे, मॅडम," हे सर्वांत भक्कम. सोलापुरात पाणी येणार म्हटल्यावर माणूस कशालाही जात नाही आणि त्याला कुणी दोषही देत नाही. ग्रुपवर निमंत्रण पडलं की पन्नास जण हात जोडल्याचं चित्र पाठवायचे, आणि ते जोडलेले हात म्हणजेच नकार, हे मॅडम सोडून सगळ्यांना समजत असे. एकदा एक निवृत्त न्यायाधीश पाहुणे म्हणून यायचे होते. ते आपल्या सवयीने तासभर उशिरा आले, तोवर त्यांच्या अनुपस्थितीत त्यांचा परिचय, स्वागत आणि आभार असं सगळं उरकलं होतं. मॅडमनी त्यांना चहा दिला आणि कार्यक्रम छान झाल्याचं कळवलं.

एवढं होऊनही त्या थांबत का नाहीत, याचं मला कोडं होतं. एकदा पाऊस लागला म्हणून आम्ही दोघं दारात अडकलो होतो, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "वकीलसाहेब, पुढच्या जूनला मी रिटायर होते. माझ्यानंतर हे पद भरणार नाहीत, असं ऑफिसात बोलतात. म्हणजे कार्यक्रम संपलाच की. तेवढ्यात एकदा, एकदाच हो, हा हॉल भरलेला बघायचाय मला. पुस्तकाबद्दल मी बोलतेय आणि बसायला जागा नाही, असं." एरवी मी अशा वेळी कोर्ट तारीख देतं तसं काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळा होतो. त्या दिवशी मात्र त्यांची ती इच्छा ऐकून वाईट वाटलं, कारण ती पुरी होणार नाही, अशी माझी खात्री होती.

जून आला. प्राचार्य मनाने भला माणूस. त्यांनी निरोप समारंभ मॅडमच्या शेवटच्या शनिवारी, चार वाजता, वाचनकक्षातच ठेवला आणि सगळ्या वर्गांना हजेरी सक्तीची केली. मॅडमनी एकच अट घातली, की त्या दिवशीही नव्या पुस्तकाची ओळख होईल. फळ्यावर त्यांनी स्वतःच लिहिलं: 'कार्यक्रम: पुराव्याच्या कायद्यावरील नव्या पुस्तकाची ओळख. त्यानंतर एक किरकोळ विषय.' किरकोळ विषय म्हणजे त्या स्वतः.

त्या शनिवारी वाचनकक्षात मांडवातल्यासारख्या खुर्च्या लावल्या होत्या. चार वाजले तेव्हा त्यांतल्या एका खुर्चीत मी होतो आणि दारात मामा होते.

"मॅडम, थांबा की जरा," मामा काकुळतीला येऊन म्हणाले. "समदी येत्याती. शाल आनायला मानूस गेलाय, समोसं बी यायचं हायती."

"चार वाजले, मामा," मॅडम म्हणाल्या आणि सुरुवात केली.

मी कूलरसमोर डोळे मिटून बसलो होतो. सोमवारी एक मनाईहुकमाचा अर्ज होता, तो डोक्यात घोळत होता. पुस्तक पुराव्याच्या कायद्याचं, म्हणजे जे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय तेच. वीस मिनिटांनी मॅडमनी माझे आणि मामांचे आभार मानले, पुस्तक मिटलं आणि बसल्या.

त्यानंतर बऱ्याच वेळाने जिन्यावर गलका झाला. पुढे शाल-श्रीफळ घेतलेले प्राचार्य, मागे सगळा स्टाफ आणि त्यामागे पाचही वर्षांचे विद्यार्थी. खुर्च्या भरल्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर मुलं बसली, उरलेली कपाटांना टेकून उभी राहिली.

"चला मॅडम, सुरू करू या," प्राचार्य म्हणाले.

"झाला, सर."

"काय झाला?"

"कार्यक्रम. आभारसुद्धा झाले."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच झाला का हो?"

"झाला," मी म्हणालो. "मी होतो."

हॉलमध्ये हशा पिकला. प्राचार्य बिचारे शाल हातात धरून उभे. शेवटी म्हणाले, "मग परत होऊ द्या की, मॅडम. पोरं आलीत सगळी." मॅडम नाही म्हणणार, असं मला वाटलं, कारण झालेला कार्यक्रम त्यांनी कधी पुन्हा केला नव्हता. पण त्यांनी मान वर करून पाहिलं आणि त्यांना हॉल दिसला. भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं होती. त्या हळूच उठल्या, टेबलामागे गेल्या, पुस्तक उघडलं, "उपस्थित मान्यवर" म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बंद पडला.

पहिल्यांदा वाटलं, भरून आलं असेल. मामांनी पाणी दिलं. त्या प्यायल्या, पुन्हा तोंड उघडलं, शब्द फुटेना. रिकाम्या खुर्च्यांपुढे इतकी वर्षं कधी न अडखळलेली बाई गर्दी पाहून घाबरली होती. कुणाचा तरी मोबाइल वाजला, मागे कुणी खिदळलं. त्यांची नजर या रांगेतून त्या रांगेत फिरत होती. फिरत फिरत ती कूलरसमोरच्या खुर्चीपाशी येऊन थांबली. मॅडम किंचित माझ्याकडे वळल्या. "वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "हे पुस्तक पुराव्याच्या कायद्यावरचं आहे." आणि मग थांबल्याच नाहीत.

सगळा हॉल सोडून त्या माझ्याशी बोलत होत्या. एक तासाच्या आत तेच पुस्तक मी दुसऱ्यांदा ऐकत होतो, आणि या वेळी डोळे मिटायची सोय नव्हती. "याच्यात साक्षीदारांवर एक प्रकरण आहे," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं, जितके साक्षीदार जास्त तितकी केस मजबूत. तसं काही नसतं. कायदा आकडा मागतच नाही. एक माणूस पुरतो. तो तिथं होता आणि तो खरं सांगतोय, एवढं पटलं की बास." हे कलम मी किती वर्गांना शिकवलं असेल, देव जाणे. त्या दिवशी ते ऐकताना मी नुसती मान हलवत राहिलो.

मग शाल झाली, श्रीफळ झालं, गार समोसे झाले, फोटो झाले. पांगापांग झाल्यावर मी विचारलं, "भरला की हॉल, मॅडम. झालं मनासारखं?"

"भरला," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "पण लई गर्दी झाली हो. बोलायला कुणी दिसेना. तुम्ही दिसलात म्हणून निभावलं."

पद भरलं गेलं नाही. ग्रंथालयाची किल्ली आता ऑफिसात असते आणि परीक्षा आली की दार उघडतं. परवा कॉलेजात तपासणी समिती आली होती. त्यांच्या यादीत एक प्रश्न होता: ग्रंथालयातर्फे कोणते कार्यक्रम झाले, आणि त्यांचे फोटो. फोटो फक्त निरोप समारंभाचे होते, आणि तो काही ग्रंथालयाच्या कार्यक्रमात धरता येत नाही. मी तिथेच बसलो होतो. म्हणालो, "कार्यक्रम व्हायचे. दर शनिवारी. मी असायचो." समितीतले गृहस्थ सभ्य होते. "सर, तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले, "पण फोटो लागतो." आणि त्या रकान्यात 'निरंक' असं लिहिलं गेलं.

मी वाद घातला नाही. वाद घालण्याइतका जोर आता राहिलेला नाही. मॅडमची आठवण मात्र अशी आली, की घरी येऊन जेवलोसुद्धा नाही, हे लिहायला बसलो. सोलापुरातल्या एका लॉ कॉलेजच्या वाचनकक्षात दर शनिवारी दुपारी चार वाजता नव्या पुस्तकाची ओळख करून दिली जात असे. कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायचा आणि चांगला व्हायचा. मी तिथे होतो.