रांगोळीची नदी

शाळेच्या अंगणात आम्ही नदीकाठच्या गावकऱ्यांनी रांगोळीनं आमची नदी काढली होती. पाण्या-मातीचा अभ्यास करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "झाडं कुठं लावायची, तुम्हीच दाखवा." वरच्या वाडीतल्या तात्यांनी रांगोळीतल्या स्वतःच्याच उतारावर झाडं म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवला.

"तिथली माती अडली, तर आमच्या विहिरीत गाळ येणार नाही," खालच्या गावच्या सुशीलाकाकू म्हणाल्या. इतकी वर्षं हेच दोघं एकमेकांच्या नावानं बोटं मोडत होते.

मग चहा आला. तो घ्यायला उठलेला प्रत्येक जण, मॅडमसुद्धा, रांगोळी न ओलांडता उगमाला वळसा घालून गेला. खऱ्या नदीत आम्ही खुशाल ट्रॅक्टर धुतो, कचरा लोटतो. या नदीवर मात्र कुणाचाच पाय पडला नाही.

मला एकदम हलकं वाटलं. आमच्या पायांना नदी अजून कळत होती.